कुंपणाआडच्या शाळा
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



शिक्षणबंदी म्हटले की आपल्याला आपलाच इतिहास आठवतो. आज आम्ही आयर्लंडची हकिकत सांगणार आहोत. तेथे बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक. १६९५ च्या कायद्याने कॅथॉलिकांना शाळा चालविण्यास बंदी झाली. १७०९ च्या कायद्याने असा शिक्षक पकडून देणाऱ्यास दहा पौंडांचे बक्षीस लावले.

तरीही शाळा भरत राहिल्या. शेताच्या झुडपी कुंपणाआड मुले बसत, एक मूल पहारा करी. म्हणून त्यांना 'हेज स्कूल', म्हणजे कुंपणशाळा, हे नाव पडले. पुढे त्या गोठ्यात, मातीच्या खोपटात भरू लागल्या. गुरुजी गावोगाव फिरत. मोबदला म्हणून थोडे पैसे, लोणी, बटाटे मिळत. मुले शेकोटीसाठी जळण आणीत. वाचन, लेखन, हिशेब आणि कुठे कुठे लॅटिनही शिकवीत. केरी परगण्यातला कवी ओन रुआ ओ सुलिव्हन (१७४८–१७८४) असाच शिक्षक होता. पोटासाठी त्याने शेतमजुरीही केली.

१७८२ मध्ये बंदी सैल झाली. १८२६ च्या सरकारी अहवालात देशातील अकरा हजारांवर शाळांपैकी नऊ हजारांवर शाळा लोकांनीच फी देऊन चालविलेल्या आढळल्या. १८३१ पासून सरकारी शाळा आल्या आणि कुंपणशाळा हळूहळू संपल्या.

तेथे सारेच गोड नव्हते. आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी बांधीत, प्रत्येक चुकीला तिच्यावर खाच पाडीत आणि खाचा मोजून मार देत. इंग्रजी यावी म्हणून आईबापही याला संमती देत.

हे आज कसे कळते? १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे आठवणी लिहून घ्यायला पाठविले. 'जुन्या शाळा' हा त्यातला एक विषय होता. शाळा कोणत्या शेतात भरे, गुरुजी कसे होते, हे मुलांनी लिहिले. त्या वह्या डब्लिनमध्ये जपलेल्या आहेत.

त्याच १९३७ साली आयर्लंडची राज्यघटना अमलात आली. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिच्यातूनच घेतली आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचे मूळ कलम ४५ याच तत्त्वांत होते.

एक फरक मात्र विसरू नये. तेथे बंदी कायद्याची होती, ती कायद्यानेच उठली. आपल्याकडे सरकारी शाळा उघडी असूनही वर्गाचे दार जातीने अडविले. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले.

आपल्याही वाडवडिलांनी व्हरांड्यात बसून, कंदिलाखालच्या रात्रवर्गात अक्षरे गिरविली. त्या वर्गाला तेल कोण देई? कोण शिकवी? हे सांगणारी माणसे एकेक करून निघून चालली आहेत. विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांजवळ बसा आणि एक पान लिहून आणा. मंडळाने ती पाने पुढील स्मरणिकेत छापावीत, एवढीच आमची विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!