विहिरीत सोडलेला दगड



खेड्यातील मुलाला पडणाऱ्या वस्तूंची ओळख शाळेने करून द्यावी लागत नाही. चिंचा पाडताना, हातातून पोहरा निसटताना त्याने गुरुत्वाकर्षणाचे कार्य कितीदा तरी पाहिलेले असते. तरीही तोच मुलगा पुढे माध्यमिक शाळेत गेला, की पडत्या वस्तूचे उदाहरण समोर येताच गोंधळतो. त्याला सूत्र पाठ असते. परंतु वस्तू पडते तेव्हा नेमके काय घडते, ह्याचा विचार त्याच्याकडून कोणी करवून घेतलेला नसतो. हा विचार प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत सहज होऊ शकतो, आणि त्यास सूत्राची मुळीच गरज नाही.

नेहमीचे उदाहरण घ्यावे. विहिरीच्या काठावरून दगड सोडला, तो दोन सेकंदांनी पाण्यावर आदळला. तर पाणी काठापासून किती खाली आहे? पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदास सुमारे १० मीटरने वाढतो (अधिक नेमका आकडा ९.८ आहे), एवढे मुलांना सांगितलेले असते. वर्गातील चलाख मुलगा तत्काळ उत्तरतो, ‘दोन सेकंदांनंतर वेग २०, वीस दुणे चाळीस मीटर.’ पुष्कळदा ह्या उत्तरावर फुली पडते व फळ्यावर सूत्र येते. खरी हानी होते ती येथे. मुलाचा गुणाकार बरोबर असतो. शेवटच्या क्षणाचा वेग त्याने आरंभापासूनचा मानला, एवढीच त्याची चूक. त्याला विचारावे, ‘हातातून सुटताना दगडाचा वेग किती होता?’ तो म्हणेल, ‘शून्य.’ ‘मग शून्यापासून वीसपर्यंत सारखा वाढत गेलेल्या वेगाची सरासरी किती?’ ‘दहा.’ दहा दुणे वीस मीटर हे उत्तर आता तो स्वतःच काढतो. सूत्रातील जो ‘एक द्वितीयांश’ पुढे त्याला छळणार असतो, त्याचे मूळ त्याला अगोदरच सापडलेले असते.

ह्याच रीतीने एका सेकंदात ५, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५ व चार सेकंदांत ८० मीटर असा तक्ता मुलांकडूनच करवून घ्यावा. मग प्रत्येक सेकंदात वेगळे अंतर किती पडले, ते वजाबाकीने काढण्यास सांगावे. ५, १५, २५, ३५, म्हणजेच १, ३, ५, ७ ह्या विषम संख्यांच्या प्रमाणात ते येते. इटलीतील गॅलिलिओने हा नियम आपल्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. उभी पडणारी वस्तू फार वेगाने जाते म्हणून त्याने उतरत्या खोबणीतून काशाची गोळी सोडली, आणि वेळ मोजण्यासाठी भांड्यातून बारीक धारेने गळणारे पाणी तोलले. साधनांची उणीव पाहून खचणाऱ्या शाळेने ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

नियम कानांनीही ऐकता येतो. दोरीच्या टोकाला एक लोखंडी नट बांधावा व त्याच्यापासून १५, ६०, १३५ आणि २४० सेंटिमीटरांवर आणखी चार. खाली परात पालथी ठेवावी. शिक्षकाने खुर्चीवर उभे राहून, टोकाचा नट परातीला जेमतेम टेकेल अशी दोरी धरून सोडून द्यावी. गाठींमधील अंतरे वाढत गेलेली, पण चारही ठोके समान अंतराने वाजतात. दुसऱ्या दोरीवर नट सारख्या अंतरावर बांधले, तर ठोके अधिकाधिक घाईने येतात. हा प्रयोग एकदा पाहिलेला वर्ग तो पुन्हा करावयास लावल्यावाचून राहत नाही!

जड वस्तू आधी पडते, असे एखादा मुलगा म्हणेल. त्याला हसू नये. गळणारे पान त्याने पाहिलेले असते. वहीचे दोन सारखे कागद घेऊन एकाचा घट्ट बोळा करावा व दोन्ही एकदम सोडावे. वजन तेच असून बोळा आधी पोहोचतो; अडथळा हवेचा आहे, हे मूल आपणच बोलून दाखवते. १९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट ह्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा व पीस एकाच वेळी सोडले. तेथे हवा नसल्याने दोन्ही बरोबरच जमिनीवर आले.

शेवटी वर्गास विहिरीवर न्यावे. विहीर कठड्याची व वापरातून गेलेली असावी. पिण्याच्या पाण्यात दगड टाकू नयेत, आणि दगड शिक्षकानेच सोडावा. उत्तर वहीत लिहून झाल्यावर दोरीला वजन बांधून खोली प्रत्यक्ष मोजावी. दोन्ही आकडे सहसा जुळणार नाहीत, आणि धड्याचा सर्वांत मोलाचा भाग तोच. ‘आवाज वर येण्यास वेळ लागला,’ असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण वीस मीटर वर येण्यास आवाजाला सेकंदाचा सुमारे सतरावा हिस्सा लागतो, व त्यापायी उत्तर एक-सव्वा मीटरनेच फुगते. उलट, वेळ मोजताना दोन सेकंदांऐवजी दोन पूर्णांक दोन दशांश धरले गेले, तर वीसाचे चोवीस मीटर होतात. म्हणून पाच-सहा मुलांनी वेळ मोजावी, सरासरी घ्यावी, आणि दोरी पुन्हा एकदा विहिरीत सोडावी.