शिमोनाच्या मुलांची नावे



क्रुसाच्या वाटेवरील पाचव्या स्थानी आपण गुडघे टेकतो, तेव्हा प्रभूचा क्रूस वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाचे स्मरण होते. संत मत्तय व संत लूक त्याचे नाव तेवढे देतात. संत मार्क मात्र तो आलेक्सांद्र व रूफ ह्यांचा बाप, असे आवर्जून सांगतात. ही मुले कोण, ह्याचा खुलासा ते करीत नाहीत. ह्यावरून त्यांच्या प्रथम श्रोत्यांस ती ठाऊक असावीत, असे अनुमान निघते. संत पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एका रूफास व त्याच्या मातेस सलाम कळवितात. तो हाच रूफ, असे खात्रीने म्हणवत नाही. परंतु संभव आहे.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिरापलीचे धर्माध्यक्ष पपियस, शिष्यांच्या सहवासातून आलेल्यांस गाठून, अमुक शिष्य काय सांगत असे, हे विचारीत. ग्रंथाहून जिवंत वाणी त्यांस अधिक मोलाची वाटे, असे यूसेबियस ह्यांच्या इतिहासावरून कळते. शुभवर्तमानांतील नावे पुष्कळदा साक्षीदारांची खूण होत, असा पक्ष रिचर्ड बॉकहॅम ह्या इंग्रज पंडितांनी २००६ साली मांडला. तो सर्वांस मान्य नाही. शिवाय नाव आले म्हणजे साक्ष सिद्ध झाली, असेही नव्हे. पश्चात्तापी चोराचे दिस्मस हे नाव उत्तरकालीन ग्रंथांतलेच आहे.

आम्हां हिंगोली जिल्ह्यातील लोकांस हे नवे वाटू नये. येथील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. ज्ञानेश्वरांच्या १२९६ सालच्या समाधीचे त्यांच्या नावे असलेले अभंग वारकरी प्रत्यक्षदर्शीची साक्ष म्हणून ऐकतात. परंतु पुढे विष्णुदास नामा ह्यांचीही पदे त्याच नावात मिसळली. म्हणून तेथेही पारख लागतेच.

आता आपले पाहू. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचे, आईबापांचे व धर्ममातापित्यांचे नाव असते. परंतु देऊळ नव्हते तेव्हा प्रार्थनेस घर कोणी उघडले, आजाऱ्याजवळ रात्र कोणी जागविली, हे वहीत नाही; ते वृद्धांच्या मुखी आहे. ते गेल्यावर विचारावयाचे कोणास?

म्हणून ह्या ज्युबिलीनिमित्त आमची एकच विनंती आहे. प्रत्येक घराने आपल्या वृद्धांजवळ बसावे. त्यांनी स्वतः पाहिलेले एका पानावर व ऐकलेले दुसऱ्या पानावर, नावांसह लिहावे. शिमोनाने क्रूस थोडीच वाट वाहिला. तरी कोणी त्याची मुले ओळखीत होता, म्हणून ती नावे आजवर राहिली. आपल्यांतील शिमोनही असेच राहोत.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.