काजव्यांच्या घरचा मुक्काम

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याच्या परिसरांत भंडारदऱ्याचा जलाशय आहे. प्रवरा नदीवरील धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि डोंगरांच्या ओंजळींत हें पाणी सांठलें. कांठच्या रानांत उन्हाळ्याच्या अखेरीस शहरांतील कुटुंबें राहुट्या ठोकून मुक्काम करतात.

रात्र पडते, लहान मूल अंधाराला भितें आणि आई विजेरी लावते. हें स्वाभाविक आहे. परंतु त्याच वेळीं हिरडा, सादडा, उंबर या वृक्षांवर काजवे लुकलुकूं लागलेले असतात. त्यांचा प्रकाश म्हणजे नरानें मादीला घातलेली साद. पंख फुटल्यावर आयुष्य उरतें तें अवघ्या कांहीं आठवड्यांचें. झगझगीत दिव्यांत ही साद हरपते, जोड्या जमत नाहींत आणि पुढील पिढी घटते. अंडीं व अळ्या ओलसर पाचोळ्यांत वाढतात. राहुटीसाठीं तो झाडल्यास त्यांचाहि नाश होतो.

म्हणून राहुटी मोकळ्या जागीं असावी, आणि विजेरी मालवून आईनें मुलाचा हात हातीं घ्यावा. डोळे अंधाराला सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. तेवढा धीर धरला, तर मूल भय विसरून झाडांकडेच पाहत राहतें. आणि काजव्यांचें घरहि वसतें राहतें.