खेळायला फी कशाला?

बारावीनंतर मला गेम बनवायचं शिकायचं होतं. अब्बा म्हणाले, “खेळायला फी कशाला भरायची?” मला उत्तर देता आलं नाही. मी कम्प्युटर इंजिनिअर झालो. आज तुम्ही तोच प्रश्न घेऊन येता, म्हणून राहिलेलं उत्तर देतो.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये कम्प्युटर गेम्सची पदवी सुरू केली. जगातली ती पहिली मानली जाते. ‘लेमिंग्ज’ हा गेम याच शहरात तयार झाला होता. अशा अभ्यासक्रमात गेम प्रोग्रामिंग घेतलं तर सी प्लस प्लस, व्हेक्टर, मॅट्रिक्स शिकावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात उडी, टक्कर, सावली, सगळ्याचा हिशेब पूर्ण व्हायला हवा. म्हणजे फी खेळायची नाही, गणिताची आहे.

पण कर्ज काढण्याआधी एक करा. गोडो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि एकाच लेव्हलचा, पण पूर्ण गेम बनवा. धाकट्या बहिणीला खेळायला द्या. गप्प बसून बघा, ती कुठे अडते. तिथे दुरुस्ती करा, पुन्हा द्या. दहाव्या वेळीही कंटाळा आला नाही, तर हे शिक्षण तुमचं. कंटाळा आला, तर तुम्हाला खेळायची आवड आहे, बनवायची नाही. त्यात लाज कसली? फी वाचली.

आणि अब्बांशी वाद घालू नका. मी घातला होता. तुम्ही तो गेम त्यांच्या हातात द्या.