संगणकाची सनद : फी भरण्यापूर्वी

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या स्टेशनांबाहेर संगणक क्लासच्या पत्रकांना ऊत येतो. 'शंभर टक्के नोकरी' हे शब्द त्यांवर ठळक छापलेले असतात. मग पालक शाळेत येऊन विचारतात, "सर, मुलाला कोणता कोर्स लावू?" मी भाषेचा शिक्षक, संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु हा प्रश्न इतक्या वेळा पुढे आला की माहिती जमविणे भागच पडले. ती आज आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, प्रमाणपत्र देतो कोण, हे पाहावे. आमच्या शाळेनेच शिकवावे, शाळेनेच दहावीची परीक्षा घ्यावी आणि शाळेनेच गुणपत्रिका छापावी, असे झाले तर ती गुणपत्रिका कोण मानील? म्हणून तर परीक्षा मंडळ वेगळे असते. संगणकाच्या क्षेत्रातही हाच न्याय आहे. शिकविणारा क्लास वेगळा आणि परीक्षा घेणारी संस्था वेगळी असावी, शिवाय प्रमाणपत्रावरील क्रमांक कोणालाही इंटरनेटवर पडताळून पाहता यावा. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांच्या परीक्षा पीअर्सन व्ह्यू या संस्थेच्या केंद्रांवर होतात, क्लासच्या खोलीत नव्हे.

माझ्या माहितीतील एका रिक्षाचालक पालकांनी पत्नीचे दागिने गहाण ठेवून मुलाला नेटवर्किंगच्या क्लासला घातले. वर्षाअखेर सोनेरी किनारीचा डिप्लोमा हाती आला. ऐरोलीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "सीसीएनए झाले आहे का?" शिकविले तेच होते, परंतु सिस्कोची परीक्षा मुलाने दिलीच नव्हती. क्लासच्या पावतीत परीक्षेची फी धरलेली नव्हती, आणि ती वेगळी भरावी लागते हे बापलेकांना कोणी सांगितले नव्हते. ही फी आज ३०० अमेरिकन डॉलर आहे. रुपयांत पंचवीस हजारांच्या वर, कर निराळा. दागिने आधीच गेलेले. आता ही रक्कम आणायची कोठून?

म्हणून पालकांनो, पावती फाडण्यापूर्वी लेखी विचारा : परीक्षा कोण घेणार, तिची फी या रकमेत आहे की नाही, आणि नापास झाल्यास पुन्हा किती भरावे लागेल.

आता कोणते प्रमाणपत्र? याचे उत्तर कोर्सच्या यादीत नाही, कामात आहे. २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना ठाण्यास गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोलीची कार्यालये जवळची झाली. तेथे नेटवर्क सांभाळणारे, सर्व्हर पाहणारे, दूरध्वनीवरून ग्राहकाच्या संगणकातील बिघाड दूर करणारे अशी माणसे लागतात. भिवंडीच्या गोदामांत मात्र मालाची आवक-जावक नोंदविणारा ऑपरेटर लागतो. त्याला सीसीएनए काय कामाचे? त्याने आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' हा अभ्यासक्रम करावा, टॅली शिकावे, टंकलेखन पक्के करावे. सरकारी नोकरीचा विचार असेल तर एमकेसीएलची एमएस-सीआयटी घ्यावीच. २००१ पासून ती चालू आहे आणि राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी मागितली जाते. पण तिच्या आधारे आयटी कंपनीत नोकरी मिळेल, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे मानू नका. ती अक्षरओळख आहे.

बारावीनंतर कमी खर्चात भक्कम पाया हवा असेल तर केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची 'ओ लेव्हल' परीक्षा पाहावी. पूर्वी ही संस्था डोएक या नावाने ओळखली जाई. २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात वेबरचना आणि पायथन भाषा आहे. ही परीक्षा क्लास न लावता थेटही देता येते, हे पत्रके वाटणारे सांगत नाहीत. अभियांत्रिकी किंवा एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि ती लागते हेच त्याचे मोल.

नेटवर्कसाठी सीसीएनए. पूर्वी तिच्या अनेक शाखा होत्या, फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या जागी एकच परीक्षा आली. सर्व्हरच्या कामासाठी रेड हॅटची आरएचसीएसए मला अधिक भावते. तीत पर्यायांवर खुणा करावयाच्या नसतात, प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवावे लागते. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. पाठांतराला तेथे वाव नाही. इतर परीक्षांसाठी बाजारात 'डम्प' नावाची फुटलेल्या प्रश्नांची बाडे मिळतात. आपल्याकडील 'अपेक्षित' प्रश्नसंचाचीच ही भावंडे, फक्त अधिक घातक. पकडले गेल्यास कंपनी प्रमाणपत्र रद्द करते, आणि न पकडलेला मुलाखतीच्या पाचव्या मिनिटाला उघडा पडतो.

आणखी एक गोष्ट. ही सनद जन्मभराची नसते. सीसीएनए व आरएचसीएसए तीन वर्षे चालतात, मायक्रोसॉफ्टची कामानुरूप प्रमाणपत्रे एक वर्ष. (त्यांचे नूतनीकरण निदान मोफत आहे.) नव्वदच्या दशकात नॉव्हेलच्या सीएनईचा केवढा दबदबा होता! नेटवेअर मागे पडले तशी तीही गेली. त्यानंतर घरोघरी नाव झालेली मायक्रोसॉफ्टची एमसीएसई जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्यात आली. म्हणून परीक्षा तेव्हाच द्यावी, जेव्हा लगेच नोकरीला अर्ज करावयाचा आहे. अकरावीच्या मुलाला घाईने परीक्षेस बसविले तर पदवी हाती येईपर्यंत सनद शिळी झालेली असते. आणि पदवी सोडू नका. पुष्कळ मोठ्या कंपन्या आधी पदवी पाहतात, मग प्रमाणपत्र.

आपल्या उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण बुद्धीची नाही, इंग्रजी वाचनाची आहे. प्रश्न चार ओळींचा असतो आणि त्यात 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' असा एक शब्द लपलेला असतो. तो सुटला की येत असलेले उत्तरही चुकते. यावर मी मुलांना एकच उपाय सांगतो. रोज सिस्कोच्या किंवा लिनक्सच्या माहितीपुस्तिकेचे एक पान इंग्रजीत वाचावे आणि समजले ते आपल्या भाषेत वहीत लिहावे. सहा महिने हे केलेला मुलगा प्रश्नाला भीत नाही.

ही परीक्षा घरी बसूनही देता येते. पण खोलीत दुसरे कोणी आले तर ती रद्द होऊ शकते. कौशाच्या एका खोलीच्या घरात, जेथे अम्मी, दादी आणि तीन भावंडे आहेत, हे कसे जमावे? अशांनी केंद्रावरच जावे.

सरावाला खर्च नाही. नेटवर्कची जुळणी संगणकाच्या पडद्यावर करून पाहण्याचे सिस्कोचे 'पॅकेट ट्रेसर' मोफत मिळते, लिनक्स मोफत मिळते, सरकारच्या 'स्वयम्' संकेतस्थळावरील अभ्यासक्रम शिकण्यासाठी मोफत आहेत, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. आधी तीन महिने यांवर हात चालवून पाहावा. मन रमले नाही तर फीचे पैसे तरी वाचले.

मात्र हात चालवायला यंत्र लागते, आणि आपल्या बऱ्याच मुलांच्या घरी मोबाइलखेरीज काही नाही. म्हणून अध्यक्षसाहेब, जाता जाता एक विनंती. शाळेची संगणकखोली रविवारी कुलूपबंद असते. ती सकाळी नऊ ते एक माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. यंत्रे जुनी आहेत, तरी लिनक्सला पुरेशी आहेत. किल्ली सांभाळण्याची आणि त्या वेळेत तेथे बसण्याची जबाबदारी मी घेतो.