परदेशी उच्च शिक्षण आणि इंग्रजीची परीक्षा



परदेशी पदव्युत्तर शिक्षणास निघणाऱ्या आपल्या मुलांसंबंधी दोन शब्द बोलतो. माझ्या पुतण्याने गतवर्षी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. श्रवण व वाचन यांत ७.५, संभाषणात ७, लेखनात मात्र ५.५. सरासरी ७ धरली गेली आणि घरी पेढे वाटले! परंतु त्या विद्यापीठाची अट प्रत्येक विभागात किमान ६ अशी होती. नकार आला.

मुलगा इंग्रजी माध्यमातला, हे विशेष. पण ४० मिनिटांत २५० शब्दांचा निबंध स्वतःच्या विचाराने त्याने कधी लिहिलाच नव्हता. आपल्याकडे निबंध पाठ करण्याची चाल! संगणकावर परीक्षा दिली असल्यास एकच विभाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, तथापि असा निकाल सर्व विद्यापीठे स्वीकारीत नाहीत. त्या विद्यापीठासही तो मान्य नव्हता. वर्ष गेले, आणि मंडळाची शिष्यवृत्तीही त्याने परत केली.

म्हणून अर्जापूर्वी अटींचे पत्रक पालकांनीही स्वतः वाचावे. परीक्षा फार आधीही देऊ नये. निकाल सामान्यतः २ वर्षेच ग्राह्य धरतात. येत्या रविवारपासून हाच पुतण्या मंडळाच्या सभागृहात मुलांकडून निबंध लिहवून घेणार आहे. वह्या मात्र घरून आणाव्यात.