पोटातल्या जिवाचे गाव कोणते?

(वरोर येथील सभेत झालेले भाषण)



आज आपण वरोरास समुद्राच्या काठी जमलो आहोत. ह्या सभेत मच्छीमार आहेत, वाडीत मिरची-भाजी पिकविणारे आहेत, दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीरही आहेत. आणि अगदी मागच्या बाजूस पाड्यांवरून आलेल्या आपल्या वारली, धोडी, दुबळा भगिनी पोरे मांडीवर घेऊन बसल्या आहेत. त्या मागे कां, हे मी आता विचारीत नाही. भाषण संपेपर्यंत त्याचे उत्तर आपणच शोधावे.

मला बोलावयाचे आहे ते ह्या मांडीवरच्या पोरांविषयी. भात कापून झाले, दिवाळी सरली, की पाड्यापाड्यांवर मुकादम फिरू लागतो. हातावर बयाणा ठेवतो आणि जोडपे बांधून घेतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा येथली माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. तरणे पोर वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी होतात. भट्टीवर मजुरी मिळते ती हजार विटांमागे, आणि तीही जोडीला. बाई घरी राहिली तर जोडी मोडली, मजुरी बुडाली. म्हणून बाई जाते. गरोदर असली तरी जाते, ओली बाळंतीण असली तरी जाते.

आता साधा हिशोब करू. भट्टीचा हंगाम धरा सहा महिने. गरोदरपण नऊ महिन्यांचे. वर्षाचे महिने बारा. तेव्हा कोणत्याही महिन्यात दिवस राहिले तरी त्या बाईच्या नऊ महिन्यांपैकी निदान तीन महिने भट्टीवर जाणारच. त्यात बाळाचे पहिले सहा महिने मिळवा, की ज्यांत आईच्या दुधावाचून त्याला दुसरे काही द्यावयाचे नसते. असे पंधरा महिने झाले. ह्या पंधरांपैकी निदान सहा महिने आई आणि बाळ चिखलात, धुरात आणि प्लास्टिकच्या झोपडीत काढतात. हे कोणाच्या नशिबाचे गणित नव्हे. हंगामाचे गणित आहे. ते बदलता येत नाही काय?

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत पोरे कुपोषणाने मेली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. अंगणवाडीची योजना तर १९७५ पासूनची. २०१५ साली अमृत आहार योजना निघाली आणि आदिवासी पाड्यांवरील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. घरोघर फिरणारी आशाताई आहे, नर्सताई आहे. मग गाडे अडते कोठे? गाडे अडते ते येथे: जेवण शिजते पाड्यावर आणि बाई असते भट्टीवर. गोळ्या येतात गावच्या उपकेंद्रात आणि रक्त आटते परगावी. नाव गावात आणि पोट भट्टीवर, अशी ही तऱ्हा! गावची अंगणवाडी म्हणते, ‘बाई येथे नाही’. भट्टीजवळची म्हणते, ‘बाई आमची नाही’. मग पोटातल्या जिवाचे गाव तरी कोणते?

मी भिवंडीकडच्या एका भट्टीवर गेलो होतो. एक बाई डोक्यावर विटा वाहत होती. बाळंत होऊन किती दिवस झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘पाच.’ बाळ झोपडीत फडक्यात गुंडाळलेले, अंगाला हात लावला तर गार. वजन झालेले नाही, लस टोचलेली नाही. ‘कार्ड कोठे आहे?’ ‘घरी, पत्र्याच्या पेटीत.’ आपल्या वाडीतील गाभण म्हशीला आपण व्यायच्या आधी दोन महिने आटवतो, तिच्यापुढे वैरण जास्त टाकतो. जनावराविषयी जी अक्कल आपल्याला आहे, ती माणसाविषयी कां नसावी?

आमच्या समाजाला ही शिकवण नवी नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. कोणाची, कोठली, असे न विचारता गर्भार विधवेला दार उघडले. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पण तो होता कारखान्यातील बाईसाठी. भट्टीवरची, वाडीतली, बोटीवरची मासळी निवडणारी बाई बाळंतपणाच्या भरपगारी रजेचे सुख अजूनही पाहत नाही.

आता उपायाचे पाहू. आई आणि मूल ही दोन खाती नव्हेत. आईच्या अंगात रक्त नसेल तर मूल अडीच किलोही भरत नाही. आईला विसावा नसेल तर मुलाला दूध पुरत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग ह्यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. तो अभ्यास १९९९ साली जगापुढे आला. त्याच धर्तीवर आज आशाताईने घरी जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सात वेळा भेटावयाचे असते. भट्टीवरच्या झोपडीला ह्या भेटी कां नसाव्यात? झोपडी हे घर नव्हे काय?

मायबहिणींनो, प्रथम तुम्हांला सांगतो. गाव सोडताना भांडी बांधाल त्याआधी माता-बाल कार्ड बांधा. आशाताईला सांगा, कोठे चाललो, कोणाच्या भट्टीवर, कोणत्या गावात. लोहाच्या गोळ्या पुरतील इतक्या मागून घ्या. आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. त्याची रक्ततपासणी झाली नसेल तर करवून घ्या. रेशनकार्ड बरोबर असू द्या, ते आता परगावीही चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी फुकट होते. रक्तस्राव, तोंडा-हातांवर सूज आणि डोके ठणकणे, आकडी, पोटातले मूल हलेनासे होणे. किंवा बाळ दूध ओढीना, अंग गार, श्वास जोरात, ह्यांतले एकही दिसले तर भगताची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, नेआण सारे मोफत आहे. ‘तुझे गाव कोणते’ म्हणून परत लावण्याचा अधिकार कोणाला नाही.

आणि एक. पहिले पिवळे दूध, चीक, पिळून टाकू नका. म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि आईचा चीक मातीत टाकतो! तासाभरात बाळाला छातीशी लावा. अशक्त बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीशी ठेवा, ऊब मिळते.

आता मालकांना सांगतो, आणि येथे मला थोडे कडू बोलावे लागेल. एके काळी सावकार नि जमीनदार बाहेरचे होते. त्यांच्या वेठीविरुद्ध १९४५ साली ह्याच मुलखातले वारली उठले. आज भट्टीचा मालक, वाडीचा मालक, बोटीचा मालक पुष्कळदा आपल्यातलाच असतो. आपणच बहुजन म्हणवून घ्यावयाचे आणि आपणच बाळंतिणीची खर्ची कापावयाची, हे शोभते काय? गरोदर बाईला सावलीचे काम द्या, महिन्यातून एक दिवस तपासणीस मजुरी न कापता सोडा, पिण्याचे पाणी नि आडोसा द्या, आणि बयाण्याच्या नावावर दवाखान्याची वाट अडवू नका.

तिसरे, ग्रामपंचायतीस. दिवाळीत एक वही काढा: कोण गेले, कोठे गेले, त्यांत गरोदर किती, दुधावरची पोरे किती. ते नाव त्या गावच्या अंगणवाडीस कळवा. २०२२ पासून महिला व बालविकास खात्याने स्थलांतरितांची नोंद ठेवण्याची यंत्रणा सुरू केली आहे. पण यंत्रात नाव आपोआप चढत नाही, कोणी तरी सांगावे लागते.

शेवटी आपल्या दाराचे पाहू. २०२४ च्या ऑगस्टात शेजारी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, ह्या वादात आज शिरत नाही. पण कोठेही मोठे बांधकाम निघाले की परमुलखाचे मजूर येतात, त्यांच्या बरोबर गर्भार बायका येतात. उद्या ती बाई आपल्या अंगणवाडीच्या उंबऱ्यावर उभी राहील. तिची भाषा आपल्याला कळणार नाही. तेव्हा आपण ‘ही आमची नाही’ म्हणणार, की पाट मांडून वाढणार? भिवंडीत आपल्या लेकीला जे मिळावे असे वाटते, तेच वरोरात परक्याच्या लेकीला द्यावे, एवढा साधा न्याय आहे.

मघाशी एक प्रश्न ठेवला होता, मागे बसलेल्या भगिनींचा. उत्तर मिळाले असेल तर पुढची जागा रिकामी करा. त्यांना पुढे बसू द्या, आणि ह्या वहीत पहिले नाव त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.